अवसेच्या लग्नाची सुपारी

तुमच्या घरात आजवर जेवढी लग्नं मुहूर्त पाहून लागली, ती सगळी सुखाची निघाली का? खरं सांगा.

हा प्रश्न मुळात माझा नाही. माझ्या वडिलांनी काढलेल्या एका पत्रकाच्या माथ्यावर तो ठळक अक्षरांत छापला होता आणि मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. आमच्या घरी पुस्तकं मोजकी, पत्रकांचे गठ्ठे मात्र खाटेखाली, माळ्यावर, शिलाई मशीनच्या पायाशी. शाळेच्या वह्यांना कव्हरंही पत्रकांचीच. माझ्या गणिताच्या वहीवर ‘जागे व्हा!’ असं मोठ्या टायपात असायचं आणि गुरुजी ते मोठ्यानं वाचून दाखवायचे, कारण त्या तासाला मला खरोखर डुलकी लागायची.

असा माणूस मुलीच्या लग्नाची तारीख काढतो तेव्हा पंचांग उघडत नाही. ताईचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी कॅलेंडरातले फक्त रविवार पाहिले, आमच्या पोंभुर्ण्याचं सभागृह कधी मोकळं आहे ते विचारलं आणि तारीख कळवून टाकली. ती अमावस्या निघाली. नवऱ्या मुलाकडची मंडळीही आमच्यासारखीच बौद्ध, तरी त्यांच्यातल्या एका काकांनी फोनवर हळूच विचारलं, “भाऊ, त्या दिवशी अवस हाये म्हणते लोक.”

“रविवार हाये,” बाबा म्हणाले. “सगळ्याइले सुट्टी. चंद्रालेबी सुट्टी.”

विषय संपला. फोटोचा विषय मात्र तिथूनच सुरू झाला.

मी चंद्रपूरला कॉलेजात शिकते आणि मुलींच्या होस्टेलवर राहते. खोलीत आम्ही तिघी. एक अहेरीची, गोंड घरातली. दुसरी वडशाजवळच्या खेड्यातली, धानाची शेती असलेल्या कुणबी घरातली. सकाळी उठल्यावर आमच्या खोलीत ‘सेवा जोहार’, ‘राम राम’ आणि ‘जयभीम’ असे तीन नमस्कार होतात, आणि मग बाथरूमला आधी कोण जाणार यावरून एकच भांडण. वडशाची ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. तिला फोटोंचं वेड. सुट्टीत ती वडशाच्या एका स्टुडिओत काम करते. हिवाळ्यात तिकडे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम असतो, तेव्हा रंग लावलेल्या नटनट्यांचे पोस्टरसाठी फोटो काढताना ती उजेड शिकली. लग्नांत मात्र स्टुडिओवाले दादा स्वतः कॅमेरा धरायचे आणि हिच्या हातात लाइटचा दांडा द्यायचे.

ताईच्या लग्नाचं तिनं दादांना विचारलं. तारीख ऐकून ते दचकले.

“अवसेले मी कॅमेऱ्याले हात नाई लावत. माह्या बापानंबी नाई लावला,” ते म्हणाले. पण मग म्हणाले, “तुले जायचं असन त् जाय कॅमेरा घेऊन. फोटो चांगले निंगाले त् या हंगामातली लग्नं तुह्या एकटीच्या हाती देतो. नाई त् लाइट धरत राह्य.”

म्हणजे तिचं पहिलं स्वतःचं लग्न, आणि त्यावर तिचा पुढचा सगळा हंगाम. आम्ही खोलीत नाचलो. अहेरीच्या मैत्रिणीनं बादली बडवली.

लग्नाच्या आधीचा तो आठवडा तयारीनं सुरू झाला. अडचण पहिल्याच दिवशी समजली. तिनं आजवर लाल, हिरव्या, पिवळ्या शालूतल्या नवऱ्या पाहिलेल्या. आमची नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यांत आणि सभागृहासमोरच्या मांडवात भर दुपारचं ऊन. “पांढरं दिसलं का कॅमेरा भेते,” ती म्हणाली, “सगळं मळकं करून टाकते.” म्हणून आम्ही होस्टेलच्या गच्चीवर चादरी नेल्या. मी चादर नेसून नवरी झाले. अहेरीची पांढरा शर्ट आणि ट्रॅकपँट घालून नवरदेव.

“नवरदेव, थोडा हास न.”

“काऊन हासू? हुंड्यात काहीच नाई भेटलं.”

“हुंडा मागतो? बाबाचं पत्रक आणू का?” मी म्हटलं.

“अवं, नवरीच मारून राह्यली मले! लगीन मोडा!”

वॉर्डनबाई कपडे वाळत घालायला वर आल्या आणि दारातच थांबल्या. “कोणाचं लगीन हाये वं?”

“ट्रायल हाये बाई.”

“लग्नाचीबी ट्रायल भेटत असती त् बरं झालं असतं,” असं म्हणून बाई ओल्या कपड्यांसह परत खाली गेल्या. आम्ही पाणीटाकीला टेकून हसलो.

मग तिनं विधी विचारून घेतला. आधी दोन्ही प्रतिमांना पुष्प, मेणबत्ती, मग त्रिशरण पंचशील, मग एकमेकांना दिलेली वचनं, हार, जयमंगल गाथा. ती मान डोलावत होती, पण चेहरा काळजीचा.

“पण ‘सावधान’ कवा म्हणता तुमी?”

“म्हणतच नाई.”

“मंग मले समजन कसं कवा दाबायचं?”

“आयकत राह्य.”

“आयकत राहू का पाहात राहू?”

मी तिला सगळं म्हणून दाखवलं. ती कॅमेरा डोळ्याला लावून माझ्याभोवती फिरत राहिली. दोन दिवस ती दात घासतानाही गाथांची चाल गुणगुणत होती. मला त्याचा केवढा आनंद झाला होता ते मी तिला सांगितलं नाही. डोक्यावर बसली असती.

बुधवारी तिच्या आईचा फोन आला. गच्चीवरच्या गमती सांगता सांगता हिच्या तोंडून अवस निघून गेली. फोन स्पीकरवर होता.

“अवसेले? पहिलं काम अवसेले? पोरी, डोकं ठिकाणावर हाये का तुह्यं?”

“माय, त्याइच्यात नाई मानत.”

“त्याइच्यात नाई मानत, आपल्यात मानते. काम तुह्यं हाये का त्याइचं? त्या दिवशी कामाले नाई निंगायचं म्हणजे नाई निंगायचं.”

फोन बंद झाला आणि मी पेटले. बाबांची सगळी पत्रकं माझ्या तोंडून एका दमात निघाली. चंद्र पृथ्वीभोवती कसा फिरतो, तिथी म्हणजे नुसतं मोजमाप कसं, भीती कोण पेरतं आणि पीक कोण कापतं. माझी वाक्यं चांगली होती, अजूनही मला तसंच वाटतं. ती पलंगावर पाय लोंबकळत ठेवून ऐकत होती.

“झालं तुह्यं भाषण?” तिनं विचारलं. “आता माह्यं आयक. भेव मलेबी वाटते. कॅमेरा बंद पडला त् मी म्हणीन अवस होती. लोकं म्हणतीन पोरगी होती. हे लिवलं का तुह्या बाबानं कुठी?”

नव्हतं लिहिलं. पण ते कबूल करणं म्हणजे माघार, म्हणून मी रागानं भिंतीकडे तोंड करून झोपले. गुरुवारचा सगळा दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. एकाच खोलीत न बोलणं फार अवघड असतं. ‘साबण दे’ हे निरोप अहेरीच्या मैत्रिणीमार्फत जायचे. संध्याकाळी ती वैतागली.

“एक पंचांग मानते म्हणून भांडून राह्यली, एक नाई मानत म्हणून भांडून राह्यली,” ती म्हणाली. “मी जंगलातली. आमच्याकडं चंद्र गेला त् तारे जास्त दिसते, एवढंच. करा वं फोन तिच्या मायले. रागवून नोका. इचारा, काही रस्ता हाये का म्हणून.”

रस्ता होता, आणि तो तिच्या आईनंच काढला. आईलाही पोरीचं काम हवंच होतं. दादांच्या स्टुडिओत लाइट धरणारी पोरगी एवढीच तिची ओळख राहू नये, हे तिलाही वाटत होतं. फोनवर ती म्हणाली, “परस्थान ठेवू.”

मी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. वाईट दिवशी कामाला निघणं भाग असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपलं सामान ज्या घरी जायचं तिथे पोचवून ठेवायचं. सामान निघालं म्हणजे माणूस निघालं. मग अवसेला नुसते पाय जातात. काम आधीच गेलेलं असतं. मैत्रिणीचा शनिवारी कॉलेजात पेपर होता, ती रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीनंच येऊ शकत होती. मी शुक्रवारी घरी जाणार होते. म्हणजे कॅमेऱ्याची बॅग माझ्याबरोबर. बॅगेच्या पट्ट्याला एका रुमालात चार दाणे तांदूळ आणि एक अख्खी सुपारी गाठ मारून बांधायची. गाठ सोडायची नाही.

आता माझी पंचाईत. ज्या घरातून मुहूर्ताविरुद्ध पत्रकं निघाली त्या घरात मी मुहूर्ताची सुपारी घेऊन जायचं? मी तिला म्हटलं, “बॅग नेतो. सुपारी नाई.”

“मंग माय नाई येऊ देणार.”

“ते मले मान्य नाई.”

“तुले कोण मान म्हणते? तू फकस्त ने.”

शेवटी मी एक अट घातली. बॅगेत काय आहे ते मी बाबांना सांगणार, लपवणार नाही. ती म्हणाली, “सांग न. सुपारी हाये, बॉम्ब थोडी हाये.”

शुक्रवारी दुपारी मी बॅग मांडीवर घेऊन एसटीत बसले. रस्त्यात सागाची पानं गळत होती आणि मी मनातल्या मनात बाबांपुढे करायचं भाषण घोकत होते. घरी पोचल्यावर ते अर्धंच झालं. बाबांनी चष्मा वर करून गाठ पाहिली.

“कोणाले वाहिली हाये का ही?”

“नाई. नुसती ठेवायची हाये.”

“मंग ठेव. आपण तिले पूजत नाई, ते आपल्याले चावत नाई. पोरीच्या मायनं पोरगी आपल्या घरी पाठवाले हो म्हटलं, हे पाह्य.” आणि ते पुन्हा खुर्च्यांचा हिशेब करायला निघून गेले. इतकी वर्षं मी त्यांना कडक समजत होते.

मी बॅग धानाच्या कोठीवर ठेवली. शनिवारी सकाळी आईचा भाऊ, माझा मामा, मांडवाच्या कामाला आला. आमच्या भागात राहून खर्रा म्हणजे काय हे माहीत नसेल असा माणूस सापडणार नाही; पण बाहेरच्यांसाठी सांगते, सुपारी, तंबाखू आणि चुना चोळून केलेला तो बार. मामा त्याशिवाय बांबूही उचलत नाही. गावातला पानठेला त्या दिवशी बंद होता. मामानं घरभर शोध घेतला. कोठीवर रुमालात एक देखणी अख्खी सुपारी बांधलेली दिसली, आणि त्याला वाटलं, बहिणीनं आपल्यासाठीच जपून ठेवली.

मी आले तेव्हा अडकित्ता खिशात गेला होता आणि मामा समाधानानं चावत होता.

“मामा, रुमालातली सुपारी?”

“चांगली होती वं. कुठून आणली?”

“आन् तांदूळ?”

“कोंबडीले टाकले.”

आई कपाळावर हात मारून म्हणाली, “दुसरी सुपारी बांध चूपचाप. सुपारीवर का नाव लिवलं राह्यते?”

सोपं होतं. ज्या सुपारीवर माझा विश्वासच नाही ती बदलली काय, न बदलली काय. पण दुसऱ्या दिवशी दोनशे माणसांसमोर हात जोडून खोटं न बोलण्याचं शील घ्यायचं आणि आदल्या दिवशी मैत्रिणीला बनावट सुपारी दाखवायची, हे मला जमेना. तिच्या श्रद्धेचा नाही, माझ्या धम्माचा प्रश्न होता. खरं सांगितलं तर फोटो काढणारी हातची जाणार होती, आणि तिचा हंगामही. तिचा पेपर संपेपर्यंत मी थांबले आणि फोन लावला.

“पेपर कसा गेला?”

“गेला. तू काऊन अशी हळू बोलून राह्यली? बॅग पडली का?”

“बॅग चांगली हाये. सुपारी गेली.”

“कुठी गेली?”

“मामाच्या पोटात.”

पलीकडून एक बारीक आवाज. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, आणि हसू तिला आवरत नव्हतं. “खर्र्यात? माह्यं परस्थान खर्र्यात?” आणि पुन्हा हसू. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, “मायले सांगा लागन.”

“नको सांगू, असं मी नाई म्हणत.”

“माहीत हाये. तू म्हणूच शकत नाई. सांगतो मी.”

थोड्या वेळानं माझ्या आईच्या मोबाईलवर फोन आला. तिची आई. दोघी पहिल्यांदाच बोलत होत्या, स्पीकरवर. मामा ओट्यावर आरोपीसारखा बसला होता; थुंकायलाही उठत नव्हता.

“नवरीची माय बोलून राह्यली का?”

“हो बाई. जयभीम.”

“राम राम बाई. सुपारी कोणं खाल्ली म्हणता?”

“माह्या भावानं बाई. खर्र्याची लत हाये मेल्याले.”

“तुमच्या घरच्याच माणसानं न? बाहेरच्यानं त् नाई?”

“सख्खा भाऊ हाये बाई.”

“मंग झालं. सुपारी आमची, खाल्ली तुमी. आमच्या वडशाकडं नाटकवाल्याची सुपारी एकदा ठरली का ताप असो का पाणी असो, उभं राहा लागते. काम पक्कं झालं बाई. आता माही पोरगी नाई आली त् आमीच खोटे पडू.”

वास्तविक सुपारी काम देणारा देतो आणि करणारा घेतो. इथे सगळं उलटं झालं होतं. एरवी जगाच्या चुका दाखवत फिरणारी मी, त्या वेळी तोंडातून शब्द काढला नाही.

“आन् आयका बाई,” पलीकडून आवाज आला, “तुमच्या भावाले उद्या लगीन लागेपर्यंत गावाबाहेर जाऊ देऊ नोका. परस्थान त्याच्या पोटात हाये.”

माझी आई एवढी हसली की फोन बाबांना धरावा लागला.

रविवारी पहिल्या एसटीनं ती उतरली. सभागृहाच्या दारातच नवऱ्या मुलाकडच्या एका काकांनी तिला अडवलं. “बाई, फोटोवाला कुठी हाये?”

“मीच हाये काका.”

“बरं बरं. पण मोठा फोटोवाला?”

“मोठा नाई हाये. हेच लहानी हाये.”

आणि खरोखरच ती बुटकी. पुढच्या रांगेतल्या पागोट्यांच्या आणि मोबाईलच्या मागे ती बुडून गेली. तिनं प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि वर चढली. खुर्ची डगमगली तेव्हा दोन जाड हातांनी ती घट्ट धरली. मामा. “मले कुठी जाताच येत नाई,” तो म्हणाला, “मंग इथीच उभा राह्यतो.”

दुसऱ्या बाजूनं मोबाईलवर फोटो काढायचं काम माझं होतं. बौद्धाचार्यांनी त्रिशरण सुरू केलं, आणि काय झालं ते मला नंतर कळलं: माझा मोबाईल खिशात होता आणि माझे हात जोडलेले होते. लहानपणापासूनची सवय; ते सूर कानावर आले की हात कोणाला विचारत नाहीत. माझेच नाही, सगळ्यांचे. पुढच्या रांगेतले सगळे मोबाईल खाली गेले. हात जोडलेले नव्हते ते फक्त दोघांचे, तिचे आणि खुर्ची धरणाऱ्या मामाचे. मामाचे ओठ मात्र हलत होते. ती शांतपणे खुर्चीवरून उतरली, रांगांमधून फिरली, ताईच्या समोर गुडघ्यावर बसली. कोणीही तिला हटकलं नाही.

“तुमी सगळे डोळे मिटून उभे,” ती नंतर म्हणाली. “मले कोणीच पाह्यत नव्हतं. असं लगीन मले पहिल्यांदाच भेटलं.”

‘सावधान’ आलं नाही, पण तिला सगळं पाठ होतं. प्रत्येक गाथेच्या शेवटी फुलं उडाली तेव्हा ती आधीच तयार होती. जेवायला ती आमच्या पंगतीत बसली. आमच्या घरी ताट वाढलं की निघणारं ‘उपास आहे’ हे वाक्य मी आयुष्यात बऱ्याच जणांकडून ऐकलेलं आहे, म्हणून मी नजर ठेवून होते. तिनं बुंदी दोनदा मागून घेतली आणि माझ्या ताटातली वांग्याची भाजीही उचलली.

पुढच्या आठवड्यात तिनं वडशाला जाऊन दादांना फोटो दाखवले. ते एकेक पुढे सरकवत होते. ताईची साडी पांढरी होती, मळकी नव्हती. जोडलेल्या हातांच्या फोटोपाशी ते थांबले.

“एवढ्या लोकाइले पोज कशी दिली तू?”

“पोज नाई दिली. ते तसेच उभे राह्यते.”

दादांनी लाइटचा दांडा कोपऱ्यात उभा केला. “हे आता दुसरा कोणी धरन. पुढचं लगीन तुह्यं.”

ती अजूनही अवस पाळते. मी अजूनही तिच्याशी त्यावरून भांडते, आणि पुढेही भांडणार आहे. पण या हंगामात ती वडशापासून पोंभुर्ण्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या मांडवात असेल, आणि तिच्यासारख्या आणखीही मुली असतील. तेव्हा तुमच्या घरचं लग्न निघालं तर एवढं करा: मांडवात पुढच्या बाजूला एक मजबूत, न डगमगणारं स्टूल आधीच आणून ठेवा. कॅमेरा घेऊन मुलगी आली की तिला वाट करून द्या, आणि ती वर चढली की ते स्टूल तुम्ही स्वतः धरा.